परत आलेला डबा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : शाळा-कॉलेजात समुपदेशक नेमताना मुलाची उदासी कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारा माणूस नेमावा, याबाबत.

महोदय,

धुळ्याला देवपुरात गेली एकोणीस वर्षं माझी खानावळ आहे. पांझरा नदीच्या या अंगाला कॉलेजं, क्लासेस आणि अभ्यासिका एकमेकांना खेटून आहेत. सध्या माझ्याकडे बासष्ट मुलं-मुली आहेत. चाळीसेक जण येऊन जेवतात, बाकीच्यांचे डबे जातात. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, नवापूर, पार अक्कलकुवा-धडगावपर्यंतची पोरं, आणि त्यात अकरावी-बारावीची जास्त. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. बी.ए. केलं तेही लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देऊन. पण डबा परत आला की मला बरंच कळतं. एकाचा जसाच्या तसा येतो. एकाचा भात संपलेला असतो आणि भाजीला हात लागलेला नसतो. एकीचा डबा घासून-पुसून लख्ख येतो, आणि आतलं सगळं गल्लीतल्या कुत्र्यानं खाल्लेलं असतं, हे दुसरीच मुलगी येऊन सांगते. तिघंही उदास असतात, पण तिघांची उदासी एक नसते. तेवढ्यासाठी हे पत्र.

निमित्त सांगते. इथल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही, शाळा वाईट नाही) परवा मुलांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. हॉलमध्ये हजारावर मुलं बसवली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी दीड तास हात वर करायला लावले, टाळ्या वाजवून घेतल्या आणि उदास राहायचं की आनंदी हे आपल्याच हातात असतं असं सांगितलं. मग नऊ प्रश्नांचा एक कागद वाटला. मुलांनी तो भरला आणि वर्गाच्या मॉनिटरांनी तो गोळा केला. मॉनिटरांनी! माझ्याकडे जेवणारी दहावीची एक मुलगी संध्याकाळी सांगत होती, "मावशी, आमच्या मॉनिटरने सगळ्यांचे मार्क वाचले. माझे आठ आले. आठ म्हणजे पास का नापास?"

त्या कागदाला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत उदासीची लक्षणं किती दिवस जाणवली, हे नऊ प्रश्नांत विचारलेलं असतं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७, आणि ५ ते ९ म्हणजे सौम्य नैराश्य. कागद चांगलाच आहे, जगभर वापरतात. पण तो थर्मामीटरसारखा आहे. ताप किती ते सांगतो, मलेरियाचा की टायफॉइडचा ते सांगत नाही. एका पोराचे आठ गुण झोप येत नाही, अंगात त्राण नाही, कशात रस वाटत नाही यातून जमतात. दुसरीचे आठ मी नालायक आहे, घरच्यांना तोंडघशी पाडलं, वाचलेलं डोक्यात शिरत नाही यातून जमतात. बेरीज तीच. दोघांना एकच औषध देऊन कसं चालेल? आणि नववा प्रश्न तर स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. तिथे शून्याच्या वर काहीही खूण असली तर त्याच दिवशी मोठ्या माणसाने त्या मुलाशी एकट्याने बोलायचं असतं. तो कागद मॉनिटरच्या हातात पडणं मला भयंकर वाटलं.

हे मला कळायचं कारण माझा मुलगा. तो आता एकोणीसचा आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे. पत्र त्याला वाचून दाखवलं, दोन वाक्यं त्याने खोडायला लावली, बाकीची ठेवली.

दहावीला त्याला ९१ टक्के पडले. आम्ही पेढे वाटले आणि जूनमध्ये त्याला अकरावी सायन्सला आणि सोबत क्लासला घातलं. दिवाळीपर्यंत पोरगा असा झाला की जणू कुणी दिव्याची वात खाली केली. रडत नव्हता, चिडत नव्हता. कॉलेजला जायचा, यायचा, पडून राहायचा. सायकल त्याचा जीव की प्राण. गल्लीतल्या सगळ्या सायकलींचे पंक्चर हाच काढायचा. ती सायकल महिनाभर भिंतीला टेकून होती आणि सीटवर धूळ होती. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या. दिरांनी मोबाईल काढून घ्यायला सांगितला. क्लासचे सर म्हणाले, टेस्टचे मार्क पडतायत, जास्त वेळ बसवा. आणि मी काय केलं? गुरुवारी त्याला शेवभाजी दुप्पट वाढली. ती तशीच राहिली. आमच्या खानावळीत गुरुवारची शेवभाजी उरल्याचं मला आठवत नाही, म्हणून त्या दिवशी मी घाबरले.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करून काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आधी रक्त तपासून घे, मग समुपदेशकाकडे जा." रक्त ठीक निघालं. समुपदेशक भेटले ते भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला वही दिली. मनात वाईट वाटलं की तेव्हा काय घडलं, काय विचार आला, किती वाईट वाटलं, तो विचार खरा असल्याचा पुरावा काय, खोटा असल्याचा काय, असे रकाने पाडून लिहायचं. फिलाडेल्फियाच्या डॉ. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली ही पद्धत. सीबीटी म्हणतात तिला. चुकीच्या विचारांना उलटतपासणीला उभं करायचं. चार आठवडे तो जात राहिला आणि चारही आठवडे वही कोरी. "काय लिहू? विचारच येत नाही काही," म्हणाला. मला वाटलं आळस करतोय. त्यावर मी जे बोलले ते त्या खोडलेल्या दोन वाक्यांत होतं.

भाचीनेच मग समजावलं. म्हणाली, त्याची गाडी विचारात नाही अडकलेली, हालचालीत अडकली आहे. ज्या गोष्टींतून त्याला बरं वाटायचं त्या एकेक करून बंद पडल्या. बंद पडल्या म्हणून बरं वाटत नाही, आणि बरं वाटत नाही म्हणून त्या करवत नाहीत. आपल्याकडे रहाट थांबला की पाट कोरडा पडायचा, तसं. अशा मुलाला आधी वही नको, आधी रहाट फिरवायचा. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. मराठीत सोपं नाव मला सापडलं नाही, मी "हातपाय हलवणं" म्हणते. मूड येण्याची वाट बघायची नाही. वेळ ठरवायची, काम छोटं ठरवायचं, आणि मूड असो-नसो ते त्या वेळेला करायचं. नंतर कसं वाटलं याला दहापैकी गुण द्यायचे. अमेरिकेत नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात नुसता एवढा भाग संपूर्ण सीबीटीइतकाच उपयोगी पडलेला दिसला होता. आपल्या गोव्यातही 'संगत' या संस्थेने साध्या शिकवलेल्या कार्यकर्त्यांकडून हेच प्रौढांसाठी करवून घेतलं आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणजे हे काही फक्त गोऱ्यांचं नाही.

तर दुसऱ्या समुपदेशक बाईंनी मुलाला काम दिलं. संध्याकाळी साडेपाचला सायकल काढायची आणि तीन अभ्यासिकांचे डबे पोचवायचे. मला आधी राग आला. लोक म्हणतील पोरगा आजारी आणि आई त्याला डबे वाहायला लावते. पहिल्या दिवशी त्याने दहापैकी एक गुण दिला. दुसऱ्या आठवड्यात तीन. एका अभ्यासिकेतल्या पोराची चेन पडली होती, ती याने बसवून दिली, त्या दिवशी सहा. दोन-अडीच महिन्यांनी तो बराच सावरला. एकदम झालं नाही, मध्ये दोनदा परत पडला. आणि क्लास सोडला. ते मात्र आम्हाला जड गेलं, अर्धी फी बुडाली.

आता गंमत बघा. तीच कोरी राहिलेली वही, तेच पहिले समुपदेशक, आणि माझ्याकडची दुसरी एक मुलगी. (इथून पुढे सगळ्यांची गावं बदलून लिहिते.) शिरपूरकडची, वर्गात पहिली येणारी. तिचा डबा तो लख्ख घासलेला. अभ्यास करायची, चालायची, फिरायची, सगळं करायची, पण डोक्यात चोवीस तास एकच रेकॉर्ड. समुपदेशकांनी तिला एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली : विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत लिही. पोरीने अहिराणीत लिहिलं, "माले काहीच येत नही. बापना पैसा वाया गया." प्रमाण मराठीत लिहिलं असतं तर तिने 'आत्मविश्वास कमी वाटतो' असलं काहीतरी गुळगुळीत लिहिलं असतं. अहिराणीत लिहिलं म्हणून विचार पकडीत आला. मग पुढचा रकाना : काहीच येत नाही याचा पुरावा काय? केमिस्ट्रीच्या एका टेस्टला चाळीसपैकी एकोणीस. तसं नसल्याचा पुरावा? बाकीच्या अकरा टेस्ट. आणि बापाला कधी विचारलंस, पैसा वाया गेला का? विचारलंच नव्हतं. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेली तेव्हा विचारलं. वडील म्हणाले, कापसाच्या भावात वाया जातो तेवढा तुझ्यात नाही गेला. त्या मुलीला वहीनं बरं केलं. माझ्या पोराला त्याच वहीनं आणखी खाली ढकललं, कारण कोरी वही म्हणजे त्याला आपल्या नालायकीचं आणखी एक सर्टिफिकेट वाटायला लागलं होतं.

वहीचा दोष नाही आणि पोराचाही नाही. जोडी चुकली होती.

तिसरा मुलगा नवापूरकडचा. आई-बाप सुरतेला लिंबायतला, कापडाच्या कामात. असे आपल्याकडे घरटी सापडतील. हा लहानपणापासून आजीजवळ. आजी भाद्रपदात गेली. त्याचा डबा अर्धा यायचा. सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं, "आता मोठा झालास, असं करून चालेल का?" त्याला कुणी वही दिली नाही की सायकलवर पाठवलं नाही. बाईंनी त्याला एक कागद दिला, एकात एक वर्तुळं काढलेली. मधे तू. जवळची माणसं जवळच्या रिंगणात लिही, लांबची लांबच्या. सगळ्यांत आतल्या रिंगणात त्याने एकच नाव लिहिलं, आणि ते माणूस जिवंत नव्हतं.

या पद्धतीला आयपीटी म्हणतात, माणसामाणसांतल्या नात्यांवर काम करणारी. गेराल्ड क्लेरमन आणि मायर्ना वाइसमन यांनी ती सत्तरच्या दशकात तयार केली. न्यूयॉर्कच्या लॉरा मफसन यांनी ती किशोरवयीनांसाठी बेतली, साधारण बारा बैठकांची. तिच्यात आधी ठरवतात की दुखणं चारांपैकी कुठलं : कुणी गेल्याचं दुःख, कुणाशी न मिटणारा वाद, आयुष्यातली भूमिका बदलणं (गाव सोडून वसतिगृहात येणं हेही त्यात आलं), की मुळात माणसं जोडता न येणं. मग त्या एकाच धाग्यावर काम. या मुलाने सहा आठवडे फक्त आजीबद्दल सांगितलं. चांगलं आणि वाईटही. ती मारायची हेसुद्धा. मग सुरतेला आईला रोज रात्री नऊला फोन करायचा सराव केला, काय बोलायचं त्याची आधी तालीम करून. दुसऱ्या रिंगणात माझं नाव होतं हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी त्याला भाजी जास्त वाढते असा बाकीच्यांचा आरोप आहे.

हा सगळा माझा भाबडेपणा वाटू नये म्हणून उलट बाजूही लिहिते, कारण भाचीशी याच्यावर माझी भांडणं झाली आहेत. इंग्लंडात २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४६५ किशोरवयीन मुलं, तीन अगदी वेगळ्या पद्धती : सीबीटी, मनाच्या खोल तळाशी जाणारी मनोविश्लेषणाची थोड्या मुदतीची पद्धत, आणि साधा व्यवहारी आधार-सल्ला. कुणीच कुणाहून सरस ठरलं नाही. "मग जुळवणी-बिळवणी कशाला, कुठलंही दिलं तरी चालतंय की," असं मी भाचीला म्हटलं. ती म्हणाली, एक तर ती मुलं सौम्य नव्हती, मध्यम ते तीव्र नैराश्याची होती. आणि दुसरं, सरासरी सारखी आली याचा अर्थ प्रत्येक मुलाला सारखंच लागू पडलं असा नाही. तुझ्या खानावळीत बासष्ट जणांना सरासरी तीन पोळ्या लागतात, म्हणून एकीला दोन आणि एकाला सात लागत नाहीत का? हे मला पटलं.

आणि जिथे कुणाला काय लागू पडतं हे कुणी शोधलं, तिथे काही हाती लागलंही आहे. मफसन यांच्याच न्यूयॉर्कच्या शाळांतल्या ६३ मुलांच्या माहितीत दिसलं की ज्यांचं आईशी फार वाजत होतं त्यांना आयपीटीचा फायदा नेहमीच्या समुपदेशनापेक्षा जास्त झाला. उलट पिट्सबर्गच्या डेव्हिड ब्रेंट यांना दिसलं की सीबीटी एरवी पुढे असते, पण आईलाच नैराश्याचा त्रास असला की तिची आघाडी पुसली जाते. २००९ मध्ये अमेरिकेत ३१६ मुलांवर नैराश्य येऊच नये म्हणून घेतलेल्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तिथेही तेच : ज्यांच्या आई किंवा वडिलांचं नैराश्य त्या वेळी चालू होतं, त्या मुलांना कार्यक्रमाचा फायदा दिसला नाही. आणि याच्या उलट, वाइसमन यांच्या २००६ च्या अभ्यासात उपचाराने आया बऱ्या झाल्या तशी त्यांची मुलंही सुधारली. मुलांना वेगळं काही दिलेलं नसताना!

हे वाचलं तेव्हा मला चौथा मुलगा आठवला. त्याने एकदा डबा भिंतीवर फेकला होता. वरण अजून त्या भिंतीवर डागासारखं आहे. सगळे म्हणाले, माजलाय. किशोरवयात उदासी पुष्कळदा रडण्यातून येत नाही, चिडण्यातून येते. डॉक्टरांच्या पुस्तकातही मुलांसाठी उदास मनाच्या जागी चिडचिड धरायला परवानगी आहे. शिवाय याचं हे वर्षाच्या वर चालू होतं. मोठ्यांत असं दोन वर्षं चाललं की त्याला चिवट नैराश्य म्हणतात, मुलांत एक वर्ष पुरे. त्याची आई मला एकदाच भेटली. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, विचारलं त्याला हो-नाही एवढंच. नवरा कर्जात, दोन वर्षं कपाशीनं हात दिलेला नाही. त्या पोराला दहा वह्या दिल्या असत्या तरी काय झालं असतं? तिथे आधी त्या माउलीला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं आणि मग दोघांना समोरासमोर बसवायला हवं होतं. आई-मुलाचं तुटलेलं जोडणारी वेगळी कुटुंब-पद्धत असते, पण ती करणारं माणूस मला मिळालं नाही. दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही. महिन्याचे पैसे मात्र कुणाच्या तरी हाती पाठवून दिले, पूर्ण.

धडगावकडच्या एका मुलीचं पटकन सांगते. सुस्त, झोपाळू, वर्गात लक्ष नाही, कुणाशी बोलत नाही. सगळे डिप्रेशन म्हणून मोकळे झाले. हिमोग्लोबिन ७.४ निघालं, म्हणजे फारच कमी, आणि पुढे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागली. नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियान चालू आहे, पण धुळ्याच्या क्लासमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि ती बोलत नव्हती कारण पावरी सोडून दुसऱ्या भाषेत तिला मनातलं बोलता येत नव्हतं. तिला समुपदेशनाला पाठवलं असतं तर समोरच्याने तिच्या गप्प बसण्याचेच गुण मोजले असते.

आता मुद्द्याची मागणी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. क्लासेसनासुद्धा हे लागू आहे. चांगली गोष्ट. माझी भीती अशी की आपल्याकडे गणिताच्या किंवा पी.टी.च्या सरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन तेच समुपदेशक म्हणून कागदावर येतील. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात हे आधीच करून बघितलेलं आहे. काही शाळांत कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या साध्या समुपदेशकाने चालवला, काहींत तोच कार्यक्रम शिक्षकांनी. समुपदेशक होता तिथे मुलांचं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी चालवला तिथे काही फरक पडला नाही. शिक्षकांचा अपमान म्हणून लिहीत नाही. ज्या सरांच्या हातात प्रॅक्टिकलचे मार्क आहेत त्यांना कुठलं पोरगं सांगेल की मला रात्री झोप येत नाही?

मोठ्या पदवीचीच माणसं हवीत असंही नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत 'संगत'च्याच मंडळींनी २५१ मुलांबरोबर काम केलं. साध्या तरुण समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका घेतल्या, अडचण ओळखा-पर्याय काढा-करून बघा एवढंच. सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या. लक्षणांच्या मोजणीत मात्र तेव्हा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ज्या पोराची उदासी रूम पार्टनरच्या भांडणातून किंवा बसच्या वेळेतून आली आहे, त्याला एवढं पुरतं. अशी माझ्याकडे निम्मी असतील.

सौम्य नैराश्याला लगेच गोळ्या नकोत, हे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. बारा ते अठरा वयात आधी दोन आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवून थांबा, आणि मग परत बोलवा. सगळा जीव त्या 'परत बोलवा'त आहे, आपल्याकडे तेच होत नाही. मग गटातली सीबीटी, गटातली आयपीटी, गटातला नुसता आधार किंवा संगणकावरून चालणारी सीबीटी. ते जमत नसेल तर एकेका मुलाला वेगळी सीबीटी किंवा कुटुंबासोबतची पद्धत. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर पुढच्या तज्ज्ञाकडे. गटात करायचं म्हणजे खर्चही कमी. एका शाळेत आठ मुलं बसतील एवढी खोली लागते, आणि तिला दार लागतं. दार याच्यासाठी म्हणते की मी बघितलेली एक 'समुपदेशन खोली' स्टाफरूमच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेली होती. पलीकडे चहाचे कप वाजत होते.

म्हणून शाळांनी मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराला पदवी विचारावीच, पण माझा एक प्रश्नही विचारावा : दोन मुलांचे प्रत्येकी आठ गुण आले, दोघांना तुम्ही काय वेगळं द्याल? जो म्हणेल दोघांना पॉझिटिव्ह थिंकिंग शिकवेन, त्याला चहा पाजून परत पाठवावं. दुसरं, अहिराणी समजते का? नंदुरबारकडे असेल तर भिली किंवा पावरी कळणारं माणूस जोडीला आहे का? तिसरं, एक पद्धत सहा आठवडे चालली नाही तर पोरगं सहकार्य करत नाही असा शेरा मारणार, की पद्धत बदलणार?

हे सगळं सौम्य नैराश्याबद्दल लिहिलं. मुलगा मरणाची भाषा करत असेल, जेवण-झोप पार उडाली असेल, किंवा उलट रात्र-रात्र न झोपता भलताच उत्साहात असेल, तर वही-सायकल-रिंगणं काही नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मी तो हात धुवायच्या बेसिनवर लावलाय, कारण तिथे प्रत्येक जण एकटा उभा असतो. आणि शेतकरी पालकांना हात जोडून विनंती, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली आपल्या कमरेला.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर सासूबाईंच्या मीठ-मिरच्या कापा, त्या रागावणार नाहीत. अहिराणीतली दोन वाक्यं कापू नका.

शेवटचं, मुख्याध्यापकांसाठी. देवपुरातली जी शाळा समुपदेशकाला दार असलेली खोली देईल, त्या समुपदेशकाचा पहिल्या महिन्याचा दुपारचा डबा माझ्याकडून. गुरुवारी शेवभाजी असते.

आपली,
एक खानावळवाली
देवपूर, धुळे

(नाव छापू नये. मुलाची हरकत नाही, पण इथे जेवणाऱ्या बाकीच्या पोरांची असेल.)